पहिली कादंबरी लिहिताना: नव्या कादंबरीकारासाठी काही व्यावहारिक टप्पे

मराठीत कादंबरी लिहू पाहणाऱ्याने आधी एक गोष्ट समजून घ्यावी. मराठी साहित्यव्यवहाराचे वर्ष दिवाळीभोवती फिरते आणि कादंबरी त्या वर्षाच्या हिशोबाने लिहून होत नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून संपादक, चित्रकार, मुद्रक आणि लेखक या सगळ्यांचे वेळापत्रक या एका सणाने बांधून ठेवले आहे. उन्हाळ्यात मजकुराची विचारणा सुरू होते, श्रावणापर्यंत तो हातावेगळा करायचा असतो आणि नवरात्रात अंक छापखान्यात असतात. कथा, कविता, लेख लिहिणाऱ्यांना ही व्यवस्था पोसते; कादंबरीकाराचे मात्र ती दरवर्षी तीन-चार महिने सहज खाऊन टाकते. खालचे टप्पे त्यामुळे मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती आहेत: साहित्यव्यवहारात राहूनही लांब पल्ल्याचे लेखन त्याच्या ताब्यात न देता पुरे कसे करावे.

वेळेची आखणी

केवळ कादंबऱ्यांच्या उत्पन्नावर घर चालवणारे लेखक मराठीत फार थोडे आहेत. बहुतेक जण बँकेत, शाळा-महाविद्यालयांत, सरकारी कार्यालयांत काम करतात, शेती करतात किंवा दवाखाना चालवतात आणि उरलेल्या वेळात लिहितात. यात कमीपणा काही नाही, कारण कादंबरीला लागणारी माणसे, त्यांच्या कामाची भाषा आणि त्यांचे रुसवेफुगवे बहुतांशी याच जागांवर भेटतात. अडचण एवढीच, की ‘उरलेला वेळ’ नावाची गोष्ट प्रत्यक्षात उरत नाही. म्हणून दिवसातला एक तास नेमून घ्यावा, तो घरच्यांना सांगून ठेवावा आणि त्या तासात वाचन, पत्रव्यवहार किंवा जुना मजकूर सुधारणे यांपैकी काहीही न करता फक्त पुढचे लिहावे.

हिशोब साधा आहे. डेमी या कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या छापील पानावर साधारण २८० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे २०० पानांची कादंबरी सुमारे ५५ ते ६० हजार शब्दांची होते. रोज ३०० शब्द आणि महिन्याचे २० लेखनदिवस धरले तर दहा महिन्यांत पहिला खर्डा तयार होतो. भाऊबीज उरकल्यावर सुरुवात केली तर मेअखेर दोन-तृतीयांश मजकूर हातात असतो आणि दिवाळी अंकांची लगबग सुरू होते तेव्हा कादंबरी मध्येच टाकून देता येणार नाही इतकी पुढे गेलेली असते. नवलेखकाला संपादकांचे फोन येत नाहीत हे खरे. पण मोह फोनची वाट पाहत नाही. ओळखीच्या चार जणांच्या कथा अंकांत येणार असे कळले, की आपणही एखादी पाठवावी असे वाटू लागते, आणि त्या एका कथेपायी पावसाळा निघून जातो.

पात्रांची वही, तिथी-तारखा आणि बोली

पहिल्या पन्नास पानांच्या आतच एक स्वतंत्र वही सुरू करावी. तिच्यात प्रत्येक पात्राचे जन्मवर्ष, गाव, शिक्षण आणि इतर पात्रांशी असलेले नाते लिहावे, आणि कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो हेही न विसरता नोंदवावे. सून सासूला ‘आई’ म्हणते की ‘आत्याबाई’, धाकटा भाऊ थोरल्याला ‘तू’ म्हणतो की ‘तुम्ही’, नवऱ्याचा उल्लेख ‘हे’ असा होतो की नावाने, यांवरून वाचकाला त्या घराची जात, जिल्हा, काळ आणि ऐपत यांचा अंदाज येतो. लेखकाने दहाव्या प्रकरणात ‘आबा’ म्हटलेल्या माणसाला तिसाव्या प्रकरणात ‘आजोबा’ केले, तर चूक बारीक असली तरी ते घर खोटे वाटू लागते.

तारखांचेही तसेच आहे. आपले सण तिथीने येतात, त्यामुळे कथानकाच्या वर्षाचे जुने पंचांग किंवा दिनदर्शिका मिळवून गणपती, दिवाळी, अधिक महिना यांच्या तारखा वहीत उतरवून घ्याव्यात. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झाला आणि आदली रात्र गणेशविसर्जनाची होती. त्या वर्षाची कथा सांगणाऱ्याने विसर्जन दोन आठवडे पुढे-मागे केले, तर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतला वाचक तिथेच पुस्तक मिटेल, आणि त्याचे चुकणार नाही. १९७२च्या दुष्काळावर लिहिणाऱ्याने रोजगार हमीच्या कामांची मजुरी, सुकडी या पूरक आहाराचे वाटप, खडी फोडण्याच्या जागा यांविषयी त्या काळी कामावर गेलेल्या माणसांकडून प्रत्यक्ष ऐकावे. अशी माणसे अजून आहेत, पण आता ती म्हातारी झाली आहेत.

बोलीचा निर्णय याहून अवघड आहे आणि तो लवकर घ्यावा लागतो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ लेखननियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चार नियमांची भर निवेदनाच्या प्रमाणभाषेला उपयोगी पडते. पात्राच्या तोंडची भाषा उच्चारानुसार लिहिण्याची मोकळीक त्याच नियमांनी दिलेली आहे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा सोलापुरी बोलणाऱ्या पात्रांचे संवाद लिहिताना म्हणून परवानगी कोणाची लागत नाही. लागते ती सुसंगती. एकच क्रियापद एका पानावर एका रूपात आणि दुसऱ्यावर दुसऱ्या रूपात येऊ नये, यासाठी वहीच्या शेवटी वापरलेल्या बोलीरूपांची यादी ठेवावी. कंसात अर्थ देण्याचा मोह आवरावा. संवाद नीट रचला असेल तर पुण्याच्या वाचकाला पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला शब्दही संदर्भाने कळतो. निवेदन ‘केले-गेले’ पद्धतीने करायचे की ‘केलं-गेलं’, हेही आधीच ठरवावे, कारण अडीचशे पानांनंतर ते बदलणे म्हणजे अनुस्वारांची महिनाभराची हमाली आहे. पुढे हस्तलिखित मुद्रितशोधकाकडे, म्हणजे छपाईपूर्वी मजकुरातल्या चुका सुधारणाऱ्याकडे, जाईल तेव्हा या सगळ्या निर्णयांचे एक पानी टिपण त्याला जोडावे. तसे टिपण नसेल, तर प्रामाणिक मुद्रितशोधक आपल्या पात्राला प्रामाणिकपणे शुद्ध करून टाकतो.

टंकलेखन यूनिकोडमध्येच करावे. अनेक अक्षरजुळणीकार अजूनही श्री-लिपीसारख्या जुन्या प्रणालीत पाने लावतात आणि मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना रफार, जोडाक्षरे आणि ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ यांसारख्या शब्दांतला अर्धा र हमखास बिघडतो. पहिले मुद्रित, म्हणजे छपाईपूर्वीची तपासणीची प्रत, वाचताना या जागा शोधून शोधून पाहाव्यात.

पहिले वाचक

पहिला खर्डा संपल्यावर तो निदान दीड-दोन महिने बाजूला ठेवावा. मग एकदा आपण स्वतः तो मोठ्याने वाचावा, कारण डोळ्यांना खपलेले वाक्य जिभेला खपत नाही. त्यानंतर तो तीन किंवा चार जणांना द्यावा, अधिक जणांना नको. या चौघांत कथानकातला प्रदेश आणि व्यवसाय आतून माहीत असलेला एक जण असावा, भरपूर कादंबऱ्या वाचणारा पण स्वतः न लिहिणारा एक असावा आणि लिहिणारा एकच असावा. जवळचे नातेवाईक शक्यतो टाळावेत. ते कौतुक करतात किंवा स्वतःला पात्रांत शोधतात.

वाचकाला ‘कशी वाटली?’ असे विचारू नये, कारण या प्रश्नाला आपल्याकडे ‘छान’ हे एकच उत्तर आहे. कोणत्या पानावर वाचन थांबले आणि पुन्हा उघडायला किती दिवस गेले, कोणती दोन पात्रे एकमेकांत मिसळली, कोणता प्रसंग खरा वाटला नाही आणि शेवट कुठे आधीच कळला, असे नेमके प्रश्न विचारावेत. उत्तरे ऐकताना खुलासा करू नये. ‘मला तिथे असे म्हणायचे होते’ हे वाक्य तोंडातून निघाले, की वाचक सभ्यपणे गप्प होतो आणि आपले नुकसान होते. एकाने दाखवलेला दोष विचारात घ्यावा. दोघांनी स्वतंत्रपणे एकाच जागेवर बोट ठेवले, तर ती जागा पुन्हा लिहावी. वाचकांनी सुचवलेला उपाय मात्र क्वचितच उपयोगी पडतो. आजार त्यांना बरोबर कळतो, औषध लेखकालाच शोधावे लागते.

या उपकाराची परतफेड म्हणजे इतरांचे खर्डे तितक्याच कष्टाने वाचणे. माझ्या मते कादंबरीकाराचा खरा साहित्यिक समाज हा एवढाच असतो: एकमेकांचे अपुरे लेखन वाचणारी चार-पाच माणसे, मग ती एका शहरात राहोत किंवा एक अकोल्यात, दुसरी बेळगावात आणि तिसरी परदेशात राहो. बाकीचा समाज पुस्तक झाल्यावर लागतो.

संस्था आणि संमेलने

तो बाकीचा समाज मोठा आहे आणि त्याची ओळख असलेली बरी. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ सालची, विदर्भ साहित्य संघ १९२३चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५चा आणि मराठवाडा साहित्य परिषद १९४३ची आहे. त्यांच्या शाखा तालुक्यांपर्यंत आहेत, वर्गणी किरकोळ असते, आणि ज्या शाखेकडे चांगले ग्रंथालय व नियमित पुस्तकचर्चा आहे तिचे सभासद जरूर व्हावे. जिथे केवळ सत्कार होतात तिथे वर्षातून एकदा जाणे पुरते.

संमेलनांचा इतिहास थोडा जाणून घ्यावा, कारण ‘साहित्यिक समाज’ या शब्दांत कोण बसतो, हा वाद त्या इतिहासात पहिल्यापासून आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ साली पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले. १८८५च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले, कारण शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशी या ग्रंथकारांचा संबंध नाही असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णाभाऊ साठे यांनी केले. ग्रामीण, आदिवासी, मुस्लिम मराठी, ख्रिस्ती आणि विद्रोही अशी अनेक संमेलने आज भरतात. नव्या लेखकाने एकाच मांडवाला मराठी साहित्य समजू नये, दोन-तीन वेगवेगळ्या मांडवांत श्रोता म्हणून बसावे आणि आपल्या कादंबरीतली माणसे कोणत्या मांडवात ओळखली जातील याचा अंदाज घ्यावा.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात नवख्याने मुख्य मंडपापेक्षा ग्रंथप्रदर्शनात अधिक वेळ घालवावा. कोणता प्रकाशक कोणत्या प्रकारच्या कादंबऱ्या काढतो, कागद आणि बांधणी कशी असते, किंमत काय ठेवतो, गाळ्यावर बसलेल्या माणसाला आपल्या पुस्तकांविषयी चार वाक्ये तरी सांगता येतात का, हे सगळे तिथे एका दिवसात कळते. अध्यक्षपदावरून रंगणाऱ्या चर्चा मनोरंजक असतात, पण त्यांतून कादंबरीचे एकही पान पुढे सरकत नाही. याउलट सीमाभागात कडोली, येळ्ळूर, उचगाव यांसारख्या गावांत लोक स्वतः वर्गणी काढून संमेलने भरवतात. तिथला श्रोता दिवसभर बसून ऐकतो, मग प्रश्न विचारतो. पहिल्यांदा जाहीर वाचन करायचे असेल तर अशी जागा शोधावी.

दिवाळी अंकाचा उपयोग

कादंबरीचा खर्डा पूर्ण झाल्यावर तिच्यातला एखादा स्वयंपूर्ण भाग दिवाळी अंकाला देण्यास हरकत नाही; त्याने नाव संपादकांच्या आणि प्रकाशकांच्या नजरेला पडते. खर्डा अपुरा असताना मात्र देऊ नये, कारण छापलेला भाग बदलायला लेखकाचे मन धजत नाही. जून उजाडण्यापूर्वी संपादकाला छोटे पत्र लिहून विषय आणि शब्दसंख्या कळवावी, मानधन किती आणि केव्हा ते नि:संकोच विचारावे, आणि हा मजकूर एकदाच छापण्याची परवानगी देत असून पुढील सर्व हक्क आपल्याकडे राहतील, असे त्याच पत्रात नमूद करावे. काही अंक चांगले मानधन देतात, काही फक्त अंकाची प्रत देतात. दोन्ही चालेल, पण आधी ठाऊक असावे.

प्रकाशक निवडणे आणि करार

मराठीत लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणारे मध्यस्थ जवळजवळ नाहीत, त्यामुळे हे काम स्वतःच करावे लागते. आपल्या कादंबरीच्या जातकुळीची, गेल्या पाच-सहा वर्षांत निघालेली दहा पुस्तके ग्रंथालयातून काढून त्यांच्या प्रकाशकांची यादी करावी. त्यांना एक पानाचे पत्र, दोन पानी कथासार आणि पहिली तीन प्रकरणे पाठवावीत, संपूर्ण हस्तलिखित मागितल्यावर द्यावे. उत्तराला चार-सहा महिने लागतात. एकाच वेळी दोघांकडे पाठवले असेल तर दोघांनाही तसे सांगावे. हस्तलिखित कोण वाचणार, संपादन कोण करणार आणि लेखकाबरोबर किती बैठका होणार, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा; ‘आमच्याकडे थेट छापायलाच जाते’ असे उत्तर आले तर दुसरा दरवाजा ठोठवावा.

लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढण्याची पद्धत आता सर्रास आहे. ती बेकायदेशीर नाही, पण तिला प्रकाशन न म्हणता छपाईची सेवा म्हणावे आणि तशीच घासाघीस करावी. पुस्तकाची ओळख ठरवणारा आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी वेगळी रक्कम लावणाऱ्याच्या उरलेल्या आकड्यांकडेही संशयाने पाहावे. ज्यांचे अद्याप एकही पुस्तक निघालेले नाही अशांनी पदरचे पैसे घालण्यापूर्वी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेकडे हस्तलिखित जरूर पाठवावे. अर्ज मागवल्याची सूचना प्रसिद्ध होते, ती चुकवू नये आणि नियम त्या त्या वर्षीचे वाचावेत.

करार लेखीच हवा. प्रकाशक कितीही सज्जन असला, चहा कितीही वेळा झाला, तरी कागद हवा. कॉपीराइट कायदा, १९५७ याप्रमाणे लेखन पूर्ण होताच हक्क लेखकाचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. याच कायद्याचे कलम १९ प्रत्येक लेखकाने एकदा स्वतः वाचावे. हक्क दुसऱ्याला देण्याचा व्यवहार लेखी आणि सहीनिशी असला पाहिजे. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो, आणि घेणाऱ्याने मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो हक्क संपतो. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असे वाक्य दिसले तर सही न करता घरी यावे.

छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, आणि चित्रपट-मालिका-नाट्यरूपांतर यांची नोंद करारात स्वतंत्रपणे व्हावी. प्रकाशक जे प्रत्यक्षात करणार आहे तेवढेच त्याला द्यावे. मानधनाची टक्केवारी छापील किमतीवर आहे की विक्रेत्याची सवलत वजा जाता उरलेल्या रकमेवर, हा फरक मोठा असतो. समजा पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे, आवृत्ती ५०० प्रतींची आहे आणि मानधन १० टक्के आहे; छापील किमतीवर सगळी आवृत्ती खपल्यास १५,००० रुपये होतात, पण ४० टक्के सवलत वजा करून मोजले तर ९,०००च उरतात. पूर्वी हजार प्रतींची आवृत्ती हा सर्वसाधारण प्रघात होता. आता डिजिटल छपाईमुळे दोन-तीनशे प्रतींच्याही आवृत्त्या निघतात. म्हणून ‘तिसरी आवृत्ती’ या शब्दांनी हुरळून न जाता एका आवृत्तीत प्रती किती, हे करारात लिहून घ्यावे.

पुस्तक आल्यावर

प्रकाशन समारंभ करायचा असेल तर करावा, पण शाल, श्रीफळ आणि सभागृहाचे भाडे यांवर होणाऱ्या खर्चात किती ग्रंथालयांना प्रती टपालाने पाठवता आल्या असत्या, याचा हिशोब आधी मांडून पाहावा. महाराष्ट्रात १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी अ, ब, क आणि ड वर्गांची हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत आणि मराठी कादंबरीचा बराचसा वाचक अजूनही तिथलाच आहे. शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी पुस्तक पाठवणे हे प्रकाशकाचे काम असले, तरी ते पाठवले का हे लेखकाने विचारावे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११पासून दिला जातो. प्रवेशिका वेळेत गेल्या की तो विषय डोक्यातून काढून टाकावा.

परीक्षणासाठी प्रती निवडून द्याव्यात आणि परीक्षकाला फोन करू नये. प्रतिकूल परीक्षणाला जाहीर उत्तर देऊ नये; त्यात तथ्याची चूक असेल तर संपादकाला दोन ओळींचे पत्र पुरते.

दरवर्षी मार्चअखेरीनंतर प्रकाशकाकडून छापलेल्या, विकलेल्या आणि शिल्लक प्रतींचा लेखी हिशोब मागावा. तो मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे, आणि ज्याला तसे वाटते त्याच्याकडे दुसरे पुस्तक देऊ नये. प्रती संपून वर्ष झाले तरी नवी आवृत्ती निघत नसेल, तर करारातल्या मुदतीचा उल्लेख करून हक्क परत मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि त्याची पोच कराराच्या प्रतीसोबत जपून ठेवावी.